चपला काढून चढलेली गाडी

आमच्या नाशकात ट्राम येणार, हे लोकांना इतक्या वेळा सांगून झालं होतं की शेवटी लोक लांबलेल्या लग्नाची चौकशी करावी तसं खालच्या आवाजात विचारायला लागले. "काय मग, कुठवर आलं तुमच्या गाडीचं?" विचारायचे ते मलाच, कारण मी त्या गाडीच्या दारावर काम करत होते. अंबडच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. बाकीच्या रहदारीबरोबर रस्त्यावरून धावणारी, विजेवरची, रबरी चाकांची लांबलचक ट्राम, तिचे डबे आमच्याकडे बनणार होते आणि त्या डब्यांची दारं, पायऱ्या, धरायचे दांडे माझ्याकडे होते.

"तुमच्या गाडीचं" हे मला फार झोंबायचं. औषधाच्या दुकानदारापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी ती माझ्या नावावर करून टाकली होती. आली असती तर ती शहराची झाली असती, पण येत नव्हती तोवर ती माझी होती. मी तापट आहे, हे घरचे सांगतात आणि कारखान्यातले मागे बोलतात. "काच परदेशातून यायची आहे हो, ती बंदरात अडकली, त्याला मी काय करू?" असं एकदा मी भाजीवाल्या मावशींवर खेकसले होते. त्या बिचाऱ्या मेथी निवडत होत्या.

बाहेरून बघणाऱ्याला उशीर म्हणजे आळस वाटतो. आतून तो तसा दिसत नाही. दरवाजा उघडणारी मोटर एका गावाहून येते, तिला हुकूम देणारी पेटी दुसऱ्या गावाहून, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मग माणसं फोनवर भांडतात, समजूत काढतात, पुन्हा भांडतात. आमचे साहेब त्या काळात इतके वाळले की त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. ते काम आमच्या सुतारकाकांनी खिळा आणि हातोडी घेऊन केलं.

पण मला गाडीबद्दल सगळ्यात जास्त कुणी विचारलं असेल तर ते माझ्या आईनं.

आई इंदिरानगरला आमच्याकडेच राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ती घरात बसेल असं आम्हाला वाटलं होतं, पण ती सिटी बसनं गावभर हिंडायची. रविवारी विहारात वंदनेला, मधल्या वारी बँकेत, कधी घेतलेलं ब्लाउजपीस बदलून आणायला शालिमारच्या बाजारात, आणि दर गुरुवारी नाशिकरोडला तिच्या मैत्रिणीकडे. ही मैत्रीण तिच्याच शाळेतली. दोघी मिळून काय करायच्या, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आई परत यायची तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा ताजा असायचा, एवढंच.

मग गुडघे गेले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं तिनं नको म्हणून सांगितलं. चालायला लागली, घरातलं सगळं करायला लागली, पण बसची पायरी तिला चढता येईना. रिक्षा होती, पण उतरताना एकदा तिचा तोल गेला, रस्त्यावर बसली, आणि तेव्हापासून तिला एकटीला रिक्षात आम्हीच जाऊ देईनासे झालो. म्हणजे आता तिला कुठे जायचं तर मी नेणार किंवा माझा नवरा स्कूटरवर नेणार. आणि नेणारा माणूस विचारणारच.

"बँकेत कशाला? मोबाइलवर होतं की ते."

"आत्ता लगेच जायलाच हवं का? रविवारी बघू."

"परवाच तर बोललीस ना तिच्याशी फोनवर?"

आम्ही काही दुष्ट नव्हतो. कामाच्या गडबडीत ही वाक्यं तोंडातून निघतात. पण एकदा मी असंच काहीतरी म्हटलं आणि आईनं हातातली साडीची घडी खाली ठेवली. "मी आयुष्यभर नोकरी केली," ती म्हणाली. "रजेचा अर्जसुद्धा मोजून केलाय. आता या वयात मला तुमच्याकडे अर्ज द्यावे लागतात. मला काही नको, फक्त एकदा घरातून निघावं आणि कुठे जातेय ते कुणाला सांगावं लागू नये."

ट्रामचा थांबा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होणार होता. मी म्हटलं, "गाडी येऊ दे आई. तिची पायरी मीच काढलीय." तिनं हे वाक्य मनात धरून ठेवलं, आणि तेव्हापासून ती रोज विचारायला लागली.

खरी गाडी बनवायच्या आधी आम्ही लाकडाची बनवली. पूर्ण डबा नव्हे, दाराचा भाग आणि आतली थोडी जागा, पण माप अगदी खरं. माणसांना बोलवायचं, त्यात चढवायचं, बसवायचं, त्यांना काय सोपं जातं काय अवघड ते बघायचं आणि मग लोखंडाला हात घालायचा, अशी पद्धत. प्लायवूडचा हा डबा आमच्या सुतारकाकांनी बांधला. काका घोटीचे. तिकडे भाताची थोडी शेती, पेरणीला आणि कापणीला ते हमखास गायब, आणि त्या दिवसांत साहेबांनी कितीही आदळआपट केली तरी डब्याचं काम बंद. "भात कुनासाठी थांबत नाय साहेब," ते परत आल्यावर शांतपणे सांगायचे आणि रंधा हातात घ्यायचे.

डबा तयार झाला तो नेमका दसऱ्याच्या सुमाराला. शेडमध्ये यंत्रांची पूजा व्हायचीच. कुणीतरी म्हणालं, गाडीचीही करू. झेंडूची माळ दाराला लागली, समोर नारळ फुटला, पुढच्या काचेच्या जागी जे प्लायवूड होतं त्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. जी गाडी शेडमधून जन्मात बाहेर पडणार नव्हती तिला सगळ्यांनी सुखरूप जा म्हटलं. मी पेढा खाल्ला. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, पण पेढ्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मग माणसं यायला लागली. सोसायट्यांमधली, महिला मंडळातली, कॉलेजची पोरं, ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी. आणि त्यांच्याबरोबर मतं. रंगाचं प्रकरण तर विचारू नका. जो रंग दाखवावा त्याला कुणीतरी मालक निघायचा. हा रंग त्यांचा, तो यांचा, हिरवा नको, निळा का नको, भगवा का नाही. शेवटी फिकट राखाडी ठरला. सुतारकाका ब्रश बुडवताना म्हणाले, "ह्यो रंग कुनाचाच नाय, बरं झालं." दार बंद होताना वाजायच्या घंटेचीही गंमत झाली. पहिली निवडलेली घंटा देवळातल्यासारखी वाजायची. ती वाजली की आत उभी असलेली निम्मी माणसं दांडा सोडून हात जोडायची. चालत्या गाडीत हे झालं असतं तर सगळे एकमेकांच्या अंगावर गेले असते. ती घंटा आम्ही रद्द केली आणि त्यावर खूप हसलो. आपण आपल्या माणसांना किती छान ओळखलं, अशी एक ऐट आली होती आम्हाला.

पायरीबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती. चढणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचे, "सोपं गेलं का?" आणि म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, "अगदी सोपं." मी रोज खुशीत घरी जायचे.

एक दिवस आईलाही नेलं. ती कडक इस्त्रीची साडी नेसून आली होती. दाराशी आली, उजव्या हातानं दांडा धरला, ऑपरेशनचा पाय वर ठेवला, मग दुसरा, आणि आत. मी मदतीला पुढे केलेला हात तसाच राहिला. आत जाऊन ती खिडकीशी बसली. खिडकीतून शेडची भिंत आणि तिच्याजवळचं पाण्याचं पिंप दिसत होतं, पण ती अशी बघत होती की बाहेरून द्वारका चौक मागे पडतोय आणि नाशिकरोड जवळ येतंय. उतरल्यावर तिनं सगळ्यांदेखत मला विचारलं, "चढले की नाही?" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत बोलत होती. मैत्रिणीला फोन करून तिनं सांगितलं, की गाडी आली की मी येतेच, तू भाकरी टाकून ठेव.

यानंतर थोड्याच दिवसांनी, आम्ही दोघी बाहेरून परत येत होतो. आमच्या इमारतीच्या दाराशी एक पायरी आहे, वीतभरसुद्धा नसेल. आईचा पाय तिथे अडकला. मी धरलं म्हणून बरं. ती चिडली. "ही चप्पल मेली," ती म्हणाली. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलेल्या त्या जाड तळाच्या चपला. पाय उचलला की चप्पल पुढून खाली लोंबायची आणि तिचं टोक आधी पायरीला लागायचं. "अनवाणी असले ना, की मला सगळं जमतं."

मी तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर शेडमधल्या डब्याचं दार आलं, आणि दाराच्या बाजूला ओळीनं काढून ठेवलेल्या चपला. लग्नाच्या हॉलबाहेर असतात तशा. बायकांच्या, पुरुषांच्या, पोरांचे बूट, आणि त्यांत आईच्या या चपला, एकीला एक चिकटवून नीट ठेवलेल्या.

कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीची पूजा झाली होती, माळ होती, स्वस्तिक होतं, आत नवी कोरी फरशी चकचकत होती. पहिल्या दिवशी पहिल्या माणसानं चपला काढल्या असतील. दुसऱ्यानं त्याच्या बघून काढल्या. आपल्याकडे दाराशी चार चपला दिसल्या की पाचवा माणूस विचार न करता वाकतो. आईला पूजेचं काही नव्हतं, पण विहारात शिरताना पाय जसे आपोआप मोकळे होतात तसे तिथेही झाले. मी स्वतः रोज चपला काढून आत जात होते. साहेब मोज्यांवर जायचे, आणि त्यांच्या अंगठ्याशी भोक होतं हेसुद्धा मला आठवत होतं. एवढं सगळं बघितलं आणि मुद्द्याची गोष्ट दिसली नाही. अख्ख्या शहराची पायरी आम्ही अनवाणी पायांनी मोजली होती.

आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण मला पोटात काही ठेवता येत नाही. चहा घेताना मी बोलून गेले.

तिनं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी चढले ते काही खरं नाही."

"तसं नाही आई, पण रस्त्यावर कुणी चपला काढून थोडंच चढणार आहे?"

"मी काढीन."

"भर उन्हात? पावसात? हातात धरून?"

"काढीन म्हटलं ना!" कप आपटून ती उठली. त्यानंतर माझ्याशी बोलेना. नवऱ्याला म्हणायची, "हिला सांगा, भात झालाय."

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ते चिडले असते तर मला भांडता आलं असतं, पण ते नुसते खुर्चीत बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पायरी खाली घ्यायची म्हणजे दाराजवळचा जमिनीचा भाग खाली घ्यायचा, आणि त्या जमिनीखाली विजेच्या सामानाची मोठी पेटी होती. ती हलवायची म्हणजे वायरींचा सगळा मार्ग बदलायचा. शिवाय वरच्या साहेबांना त्यांनी तारीख देऊन टाकलेली होती.

"लोक सवय करून घेतात गं," ते हळू आवाजात म्हणाले. "बसची नाही का केली?"

"ज्यांना जमली नाही ते घरी बसले, साहेब. ते बसमध्ये दिसत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं सवय झाली."

माझा आवाज नको इतका चढला होता. त्यांनी तो मनावर घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या बोलण्यावर वरचे ऐकणार नाहीत. तीच माणसं पुन्हा बोलव. चपलांसकट चढव. वरच्या दोघांना मी इथे बसवतो. त्यांना डोळ्यांनी दिसलं तर मी पुढचं बघतो. नाही दिसलं तर मात्र हा विषय संपला."

त्या संध्याकाळी जेवताना मी हे नवऱ्याला सांगत होते. पुन्हा उशीर होणार, लोक पुन्हा मला खाणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिच्यासाठी करतेय तिलाच अजून थांबावं लागणार. आई ताटाकडे बघत जेवत होती. वरण वाढून घेतलं, संपवलं आणि उठली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी निघाले तर ती दारात तयार. तीच इस्त्रीची साडी, पायात जाड चपला, हातात भाजीची पिशवी. पिशवीत काहीतरी जडही होतं. नंतर बघितलं तर दोन नारळ आणि बटाटे.

"चल," ती म्हणाली. इतक्या दिवसांनंतरचा पहिला शब्द.

शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वरचे दोघे, साहेब, आमची मंडळी. जुनीच माणसं पुन्हा आली होती. काही जण चपलांसकट चढले, काही अडखळले, एक आजोबा दांड्याला लोंबकळत कसेबसे आत गेले आणि आतून म्हणाले, "जमलं बरं का!" आपल्या माणसांना परीक्षेत नापास व्हायचं माहीतच नसतं. वरच्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. सगळेच असे जिद्दीनं चढले तर काय दिसणार होतं त्यांना?

आई दाराशी आली. सुतारकाका सवयीनं म्हणाले, "आजी, चपला हिकडं काढा."

"नाही काढणार," आई म्हणाली.

तिनं एका हातानं दांडा धरला. पाय उचलला. चपलेचं टोक पायरीच्या कडेला लागलं आणि पाय खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा लागलं. साहेब म्हणाले, "आजी, पिशवी खाली ठेवा, दोन्ही हातांनी धरा." मला माहीत होतं, दोन्ही हातांनी धरलं असतं, जरा ओढून घेतलं असतं, तर ती चढली असती. ती माझी आई आहे, मला तिची ताकद माहीत आहे. तिलाही माहीत होतं.

"बाजारातून येताना पिशवी माझ्या हातातच असते," ती म्हणाली.

तिनं तिसऱ्यांदा पाय उचलला. तो पायरीवर अर्धा टेकला, चप्पल मागून निसटली, आणि ती दांड्याला धरून तशीच थांबली. मग तिनं पाय खाली घेतला, आमच्याकडे तोंड केलं आणि वर्गात बोलायची त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला नाही जमत."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हा नाही, ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं केलं तेव्हा नाही. डॉक्टर विचारायचे, दुखतंय का, तर ही म्हणायची, चालतंय. आणि इथे, अनोळखी माणसांसमोर, जिथे काही दिवसांपूर्वी हिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या त्याच जागी, ती ते सांगत होती. मला इतकं भरून आलं की मी उगाच टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

मग सुतारकाका पुढे झाले. त्यांनी निसटलेली चप्पल उचलली, आईच्या पायाशी ठेवली आणि पायरीच्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "आजी, आपुन हिला खाली घेऊ. लाकडाचं काय, आत्ता कापतो. लय उंच झालीच हाय ती."

त्यानंतर आतून आजोबांचा आवाज आला, "तसं मलाही जरा जडच गेलं." आणि मग एकेक जण बोलायला लागला.

लाकडाची पायरी काकांनी त्याच आठवड्यात खाली घेतली. लोखंडाच्या गाडीचं मात्र खूप लांबलं. साहेब वर गेले, बोलणी खाल्ली, परत आले आणि आम्हाला त्यातलं काही सांगितलं नाही. पेपरात पुन्हा आलं की ट्राम लांबणीवर. सोसायटीच्या ग्रुपवर विनोद फिरले. एकात लिहिलं होतं की गाडी आता नातवंडांच्या लग्नाला येईल. मी उत्तर लिहायला बसले होते, आईनं फोन काढून घेतला. विहारातही लोक कुरकुरायचे, या लोकांना काम करायलाच नको म्हणून. आई म्हणायची, "पायरी उंच होती." त्यापुढे एक शब्द नाही.

त्या उशिराची किंमत मला माहीत आहे. मधल्या काळात तिची नाशिकरोडची मैत्रीण पुण्याला मुलीकडे कायमची राहायला गेली. जाण्याआधी भेटायला मीच आईला स्कूटरवर घेऊन गेले. वेळ माझ्या सोयीची होती, मला परत कामावर जायचं होतं. दोघी पलंगावर शेजारी बसल्या होत्या आणि मी समोर स्कूटरची किल्ली हातात घेऊन. त्या माझ्यासमोर प्रकृतीबद्दल बोलल्या, पुण्याच्या पाण्याबद्दल बोलल्या. जे बोलायचं होतं ते मी होते म्हणून राहिलंच, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं. पायरीबद्दल मी तोंड उघडलं नसतं तर गाडी आधी आली असती आणि या दोघींना कितीतरी गुरुवार मिळाले असते. आणि तोंड उघडलं नसतं तर गाडी आली असती, पण आई खालीच उभी राहिली असती. हे मी मनात दोन्ही बाजूंनी कितीदा मांडून बघितलंय. दोन्हीकडे मला वाईटच वाटतं.

आणि मग गाडी आली. खरंच आली. राखाडी, कुणाच्याच रंगाची नसलेली, दार बंद होताना साधी टिंग करणारी. पहिल्या दिवसांत गर्दी उसळली. लोक दाराशी सेल्फी काढत होते. माझी पायरी पायांखाली दिसतच नव्हती आणि तिच्यावर कुणी अडखळत नव्हतं. "तुमची गाडी" म्हणणारे आता "आपली ट्राम" म्हणायला लागले, ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. आईला म्हटलं, चल, तुला घेऊन जाते. ती म्हणाली, "नव्याची गर्दी ओसरू दे." मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मला वाटलं, बाईचा उत्साहच संपला. मैत्रीण गेली, आता जायचं तरी कुठे. मी तो विषय सोडून दिला.

एका गुरुवारी दुपारी कारखान्यातून घरी फोन केला. कुणी उचलला नाही. मोबाइलवर केला, वाजत राहिला. शेजारी विचारलं, त्यांच्याकडे नव्हती. वॉचमनला केला. तो म्हणाला, "आजी मघाशीच गेल्या की, ट्रामच्या थांब्याकडं." एकट्या? एकट्याच. हातात? पिशवी.

मी अर्धी रजा टाकून घरी आले. वाटेत राग येत होता आणि भीती वाटत होती, दोन्ही एकदम. घरी बसले, उठले, गॅलरीतून बघितलं, पुन्हा बसले. काय काय बोलायचं ते मनात तयार होतं. सांगून जाता येत नाही? फोन कशाला दिलाय? काही झालं असतं म्हणजे?

ऊन कलतीला लागलं तेव्हा दाराचं कुलूप वाजलं. आई आत आली. चपला काढल्या, भिंतीशी एकीला एक चिकटवून ठेवल्या. त्यांवर कुठलीशी धूळ होती. पिशवी टेबलावर ठेवली. केस थोडे विस्कटले होते, आणि चेहरा धुतल्यासारखा ताजा होता. तो चेहरा मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

मला घरी बघून ती दचकली. मग तिथेच उभी राहिली, हात पदरात गुंडाळून, माझ्या प्रश्नाची वाट बघत. प्रश्न माझ्या जिभेवर होता. तिला तो दिसत होता. तिची हनुवटी किंचित वर झाली.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

आईनं खुर्ची ओढली आणि सावकाश बसली. "टाक," ती म्हणाली. "आलं घाल जरा."